शेत आणि चाकरी : मराठी मुलखातील अर्धवेळ सैनिकाचा प्रश्न

१

मराठ्यांच्या लष्करी इतिहासाचे लेखन प्रामुख्याने लढाया, सेनानी आणि तह यांना धरून झालेले आहे. सैनिक ज्या महिन्यांत लढत नसे त्या महिन्यांत तो काय करीत असे, त्याच्या गैरहजेरीत त्याचे शेत कोण पाहत असे आणि या दोन व्यवसायांची सांगड कोणत्या व्यवस्थेने घातली जात असे, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. वास्तविक ज्या सैन्याचा मोठा भाग गावात घर आणि शेत असलेल्या लोकांचा होता, त्या सैन्याचे बळ समजून घेण्यास हा प्रश्न रणनीतीइतकाच महत्त्वाचा आहे.

या विषयाचे एक सर्वपरिचित चित्र आहे. मृगाच्या पावसावर पेरणी करावयाची, दसऱ्यास सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघावयाचे आणि पुढील पावसाळ्याच्या तोंडावर घरी परतावयाचे, असा मराठा शेतकऱ्याचा आणि शिपायाचा वर्षक्रम होता असे सांगितले जाते. हे चित्र चुकीचे नाही. पण ते अपुरे आहे. त्यातून असा समज होतो की, ऋतुचक्रानेच शेती आणि लढाई यांची वाटणी करून दिली होती आणि राज्यकर्त्याला त्यात करण्याजोगे काही उरले नव्हते. पुराव्याकडे बारकाईने पाहिले असता निराळीच गोष्ट दिसते. हे दोन व्यवसाय आपोआप जुळत नव्हते, ते जुळवावे लागत. आणि जेथे चाकरी व शेत यांचा हिशेब एकाच हाताने पाहिला गेला तेथेच ते टिकाऊपणे जुळले. या विधानाची परीक्षा पुढे तीन प्रसंगांच्या आधारे केली आहे : शिवकालीन लष्करव्यवस्था, पेशवाईतील दूरच्या मोहिमा आणि १८४४ मधील कोल्हापूरच्या गडकऱ्यांचे बंड. हाच प्रश्न विसाव्या शतकात प्रादेशिक सेनेच्या कायद्यापुढे पुन्हा उभा राहिला. त्याचा विचार अखेरीस केला आहे.

२

प्रथम पंचांगाचा विचार करू गेल्यास असे आढळते की, दसऱ्याचा मुहूर्त शेतकऱ्याच्या सोयीचा नव्हता. मावळात आणि कोकणात भात व नाचणी यांची लावणी आषाढ-श्रावणात होते आणि कापणी आश्विन-कार्तिकात येते. देशावरील बाजरी याच सुमारास हाताशी येते, तर रब्बीच्या ज्वारीची पेरणीही याच दिवसांत करावी लागते आणि ती माघ-फाल्गुनात निघते. म्हणजे ज्या दिवशी सैन्याने सीमा ओलांडावयाची, त्याच दिवसांत शेतातील कामाची सर्वांत मोठी घाई असे. पेरणी, लावणी आणि खुरपणी एवढाच शेतीचा भाग शिपायाच्या घरी राहण्याच्या काळात येई. कापणी आणि मळणी ही कामे तो नसतानाच उरकली जात.

याचा अर्थ असा की, मोहिमेचे वेळापत्रक शेताने ठरविले नव्हते. ते नद्यांनी आणि चाऱ्याने ठरविले होते. पावसाळ्यात भीमा, नीरा, कृष्णा यांसारख्या नद्या उतरणे कठीण असे, चिखलाच्या वाटांवर घोड्यांचे हाल होत, आणि दसऱ्याच्या सुमारास मात्र पाणी ओसरून सर्वत्र गवत मुबलक असे. घोडदळाच्या दृष्टीने तो योग्य काळ होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो तडजोडीचा काळ होता. ही तडजोड निभावली जाण्याचे पहिले साधन म्हणजे एकत्र कुटुंब होय. एक भाऊ चाकरीवर असता दुसरा औत धरी. घरातील स्त्रिया आणि वृद्ध माणसे कापणी काढीत. वतनदार घराण्यांतही एकाने गावचा कारभार पाहावा आणि दुसऱ्याने घोड्यावर बसावे अशी वाटणी सोयीची असे. शिंद्यांचे घराणे कण्हेरखेडच्या पाटिलकीचे. महादजी शिंदे यांस १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाकडून वकील-ई-मुतलकीचे पद मिळाले, तरी ते स्वतःस पाटील म्हणवून घेत. या गोष्टीकडे केवळ विनयाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. परंतु गावातील हक्क हाच चाकरीमागचा कायमचा आधार होय, ही त्या समाजातील समजूतही त्यातून व्यक्त होते.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे. सर्वच सैनिक अर्धवेळ नव्हते. सरकारी घोड्यावर बसणारा पागेतील बारगीर हा बहुतांशी पूर्णवेळ चाकर होता; त्याची पावसाळ्यातील छावणी हाही नोकरीचाच भाग होता. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा शिलेदार, मावळातील व कोकणातील पायदळाचे लोक, आणि गडांच्या आसपास राहून पहारा देणारे लोक यांच्या बाबतीत शेत आणि चाकरी यांचा संबंध अधिक निकटचा होता. प्रश्न मुख्यतः त्यांचा आहे.

३

शिवाजीमहाराजांच्या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन कृष्णाजी अनंत सभासद याने १६९७ मध्ये जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत येते. बखर राजाच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी लिहिली गेली आणि तिच्यात आदर्शीकरणाचा अंश आहे, हे मान्य करूनही तिच्यातील लष्करी तपशील मोलाचा आहे. पावसाळ्यात लष्कराने स्वदेशी छावणीस यावे, तेथे दाणा, वैरण, औषधे आणि घोड्यांसाठी शाकारलेल्या पागा आधीच सिद्ध असाव्यात, दसऱ्यास निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी करावी आणि आठ महिने परमुलखात उदरनिर्वाह करून परत येताना ती यादी पुन्हा ताडून पाहावी, असा क्रम तो सांगतो. यादीबाहेर जे सापडेल ते सरकारजमा करावे किंवा वेतनात वजा धरावे, असा नियम होता.

या वर्णनातील एक बाब आजवर फारशी चर्चिली गेलेली नाही. लष्करातील लोकांकडे जी जमीन लागवडीस असेल तिचा धारा रयतेप्रमाणे आकारून तो त्यांच्या वेतनाच्या खाती धरावा आणि उरलेली रक्कम हुजुरातून किंवा प्रांतावरील वरातेने द्यावी, असे सभासद सांगतो. वरवर पाहता ही साधी हिशेबाची सोय वाटते. परंतु तिचा आशय मोठा आहे. सरकारच्या लेखी शिपाई आणि शेतकरी ही दोन माणसे नव्हती. शेतकरी या नात्याने त्याच्याकडून जे येणे होते आणि शिपाई या नात्याने त्याला जे देणे होते, ते एकाच खात्यावर मांडले जाई. जमिनीवर लष्करी हक्क निर्माण होत नसे. कारण धारा माफ केलेला नव्हता, तो केवळ वळता केलेला होता. उलट शिपायालाही धाऱ्यासाठी पाटलाच्या दारी जावे लागत नसे. मोकासे आणि इनामे न देता रोख वेतन द्यावे, या शिवाजीमहाराजांच्या सुप्रसिद्ध धोरणाला ही पद्धत पूरक होती.

याच धोरणाची दुसरी बाजू १९ मे १६७३ च्या पत्रात दिसते. चिपळूणच्या परिसरातील छावणीच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना ते लिहिलेले आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा आणि गवत आताच उधळाल तर पुढे घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्याच्या घरचे धान्य, भाजी आणि लाकूडफाटा उचलू लागाल, आणि रयतेला मोगल बरे असे वाटू लागेल, हा त्यातील इशारा आहे. उंदराने पेटती वात ओढून नेल्यास गवताच्या गंजी जळतील, इतका बारकावा त्यात आहे. हे पत्र बहुधा रयतेविषयीच्या कळवळ्याचे प्रमाण म्हणून दाखविले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या कुणब्याच्या घरावर छावणीचा भार पडावयाचा, त्याच कुणब्याचा भाऊ किंवा मुलगा दसऱ्यानंतर पायदळात यावयाचा होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. शेत मोडले तर सैन्याची भरतीही मोडेल, ही जाणीव त्या पत्राच्या मुळाशी असावी असे मानण्यास जागा आहे.

गडांच्या बाबतीत व्यवस्था थोडी निराळी होती. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे भिन्न जातींचे अधिकारी असत. आणि गडाच्या घेऱ्यात राहून वाटा, चोरवाटा आणि रान राखणाऱ्या रामोशी, महार, मांग, कोळी इत्यादी लोकांना त्या सेवेबद्दल जमिनी लावून दिलेल्या असत, असे ग्रँट डफ याने नमूद केले आहे. गड हलत नाही. म्हणून गडाच्या चाकराला शेत सोडून दूर जावे लागत नसे. अर्धवेळ लष्करी सेवेला इतकी अनुकूल परिस्थिती दुसरी नव्हती. म्हणूनच ही व्यवस्था इतर सर्व व्यवस्थांपेक्षा अधिक काळ टिकली आणि तिचा शेवटही अधिक कडवट झाला.

४

राजाराममहाराजांच्या काळात मोगलांशी चाललेल्या जीवनमरणाच्या संघर्षात रोख वेतनाचे धोरण चालविणे अशक्य झाले. खजिना नव्हता; होती ती वतनांची आणि सरंजामांची आश्वासने. लढणाऱ्याने जो मुलूख जिंकावा त्यातूनच त्याचे पोट चालावे, ही रीत त्या काळात रूढ झाली. आज्ञापत्रात वृत्ती आणि इनामे सढळपणे देण्याविरुद्ध जी कळकळ दिसते, तिला या अनुभवाची पार्श्वभूमी आहे. लेखाच्या विषयापुरते पाहावयाचे तर एकच गोष्ट महत्त्वाची : शिपायाच्या शेताचा आणि चाकरीचा जो एक हिशेब सरकारच्या दप्तरात होता, तो येथे सुटला. आता चाकरीचा हिशेब सरदाराकडे आणि शेताचा हिशेब गावाकडे राहिला.

मोहिमा जवळच्या होत्या तोपर्यंत ही त्रुटी जाणवली नाही. पुणे आणि सातारा येथून निघून औरंगाबाद, विजापूर किंवा खानदेश या बाजूस जाणारा शिलेदार पावसाळ्याच्या आत परतू शकत असे. बाजीरावाच्या काळात मात्र अंतरे बदलली. १७२८ च्या अखेरीस अमझेरा, १७२९ मध्ये बुंदेलखंड, १७३७ मध्ये दिल्लीचा परिसर, अशी मराठी फौजांची धाव वाढत गेली. नर्मदेपलीकडे गेलेल्या शिलेदाराला पावसाळ्यासाठी घरी येणे आणि पुन्हा दसऱ्यास निघणे परवडण्यासारखे नव्हते. १७५८ च्या एप्रिलमध्ये मराठी फौजा लाहोरास पोहोचल्या. १७६० च्या मार्चमध्ये पटदुराहून निघालेल्या सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने संपूर्ण पावसाळा उत्तरेत काढला, ऑगस्टच्या आरंभी दिल्ली घेतली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी ते पानिपतावर लढले. म्हणजे त्या सैन्यातील जो शिलेदार घरचे शेत पाहणारा होता, त्याचा एक पेरणीचा आणि एक कापणीचा हंगाम पूर्णपणे हातचा गेला होता.

हा गेलेला हंगाम कोणी भरून द्यावयाचा? शिलेदाराला निघताना नालबंदी म्हणून आगाऊ रक्कम मिळे आणि मोहिमेत रोजमुरा मिळे; परंतु तो वेळेवर मिळण्याची शाश्वती नसे. पेशव्यांची स्वतःचीच स्थिती कर्जाची होती. बाजीरावाने ब्रह्मेंद्रस्वामींना कर्जाच्या विवंचनेविषयी लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत, आणि पानिपतच्या मोहिमेत पैशाची ओढाताण सतत होती. सरदार सावकाराकडे गेला, शिलेदार सरदाराकडे गेला, आणि शिलेदाराच्या घरचे लोक गावच्या सावकाराकडे गेले, असा हा क्रम होता. लुटीवरील अवलंबन वाढले ते केवळ लोभामुळे नव्हे. ज्याचे शेत पडीक राहिले आहे आणि ज्याचा रोजमुरा थकला आहे, त्याच्या दृष्टीने लूट हीच वेतनाची बाकी होती.

उत्तरेत यावर जो तोडगा निघाला तो अर्धवेळ सैनिकाला सैन्यातून वगळण्याचा होता. १७८४ पासून महादजी शिंदे यांनी द बॉयन याच्या हाताखाली कवायती पलटणी उभारल्या. त्यांतील शिपाई बहुतांशी अंतर्वेद, अवध या बाजूचे होते, वर्षभर कवायतीत होते आणि त्यांच्या पगारासाठी अंतर्वेदीतील मुलूख लावून दिलेला होता. उत्तर हिंदुस्थानातील शेतकरीही हंगामी शिपाईगिरीस सरावलेले होते, हे डर्क कोल्फ यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे. पण कंपूत दाखल झालेला मनुष्य हंगामी राहिला नाही. मराठी कुणबी शिलेदार या व्यवस्थेत मागे पडला. याची कारणे लष्करी होती, तशीच ती हिशेबाचीही होती. त्याच्या दोन व्यवसायांपैकी एकाची जबाबदारी घेण्यास कोणी तयार नव्हते.

५

पेशवाई १८१८ मध्ये संपली. परंतु कोल्हापूरचे राज्य मांडलिक म्हणून राहिले आणि त्याबरोबर पन्हाळा, पावनगड, विशाळगड, सामानगड, भुदरगड, रांगणा इत्यादी गडांवरील गडकऱ्यांची जुनी व्यवस्थाही राहिली. हे गडकरी वंशपरंपरेने गडाची शिबंदी चालवीत आणि त्या चाकरीच्या अटीवर त्यांच्याकडे जमिनी असत. गडाचा पहारा आणि जमिनीचा कारभार ही दोन्ही त्यांच्याच हवालदारांच्या देखरेखीखाली चालत. लढाईचे दिवस संपले होते, हे खरे. राज्यकारभाराच्या नव्या दृष्टीने ही माणसे काहीशी निरुपयोगीही ठरली होती. पण गडकऱ्याच्या मनात पहारा आणि पीक ही एकाच वतनाची दोन अंगे होती.

राजा अल्पवयीन असता इंग्रजांच्या पाठिंब्याने दाजी कृष्ण पंडित हे कोल्हापूरचे कारभारी झाले. त्यांनी कारभाराची जी फेररचना हाती घेतली तीत गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था गडावरील अधिकाऱ्यांकडून काढून लगतच्या मामलेदारांकडे सोपविण्यात आली. यात जमीन जप्त करण्याचा हुकूम नव्हता. कारभारातील गैरप्रकार थांबवावेत आणि वसुली एका पद्धतीने व्हावी, असा हेतू सांगितला जात होता. तथापि गडकऱ्यांनी त्याचा जो अर्थ लावला तो स्पष्ट होता : आज जमिनीचे दप्तर मामलेदाराकडे गेले, उद्या जमीन जाईल आणि परवा चाकरी जाईल. १८४४ च्या पावसाळ्यात, शेतीच्या ऐन दिवसांत, सामानगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे बंद केले. मागोमाग भुदरगडावर बंड झाले. इंग्रज फौजेने ऑक्टोबरात सामानगड घेतला. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हन्स बंडवाल्यांच्या हाती सापडून काही काळ पन्हाळ्यावर बंदीत होता. डिसेंबरच्या आरंभी पन्हाळा पडला. बंडाचे लोण सावंतवाडीकडे गेले आणि ते शमण्यास १८४५ साल उजाडले. त्यानंतर गडांची तटबंदी पाडण्यात आली आणि गडकऱ्यांची वंशपरंपरागत शिबंदी बंद झाली.

या बंडाचा उल्लेख बहुधा इंग्रजी सत्तेविरुद्धच्या स्थानिक उठावांच्या मालिकेत होतो. तो तसा होणे गैर नाही. पण त्यातील विशेष असा की, गडकऱ्यांना कोणी शस्त्र टाकावयास सांगितले नव्हते आणि नांगरही सोडावयास सांगितले नव्हते. सरकारने फक्त दोन व्यवसायांची दप्तरे वेगळी केली. बाहेरच्या कारभाऱ्यास जी कारकुनी सुधारणा वाटली, ती गडकऱ्याला आपल्या जीवनाची फाळणी वाटली. आणि शेवटी त्याची भीती खरी ठरली, हेही नाकारता येत नाही. मात्र ती खरी ठरण्यास त्याचे बंडही कारण झाले.

६

यानंतर सुमारे पाऊण शतक हिंदी माणसाला अर्धवेळ सैनिक होण्याची वाट जवळजवळ बंद होती. स्वयंसेवक पलटणी होत्या, पण त्या प्रामुख्याने युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या होत्या. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, डिफेन्स फोर्सचा कायदा झाला. त्यात युरोपीय प्रजाजनांवर सक्ती होती आणि हिंदी लोकांना ऐच्छिक प्रवेश होता. लोकमान्य टिळकांनी पुण्यात तरुणांना त्यात दाखल होण्याचे आवाहन केले. १९२० मध्ये दोन निराळे कायदे होऊन युरोपीयांसाठी सहायक सेना आणि हिंदी लोकांसाठी प्रादेशिक सेना अशी विभागणी झाली. दुसऱ्या वर्गातील पलटणींचे शिक्षण वर्षातून सुमारे एक महिना होई. या दोन सेनांच्या दर्जातील तफावतीवर विधिमंडळात टीका झाली आणि १९२४ मध्ये शे समिती नेमली गेली. त्या वेळच्या वादाचा रोख समानतेवर होता. कारकुनाला रजा कोण देणार आणि शेतकऱ्याचा महिना कोण भरून देणार, हा प्रश्न त्यात मागे राहिला.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये प्रादेशिक सेनेचा कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या सेनेचे उद्घाटन झाले. तिच्या रचनेत जुन्या प्रश्नाची जाणीव स्पष्ट दिसते. शहरी पलटणींचे शिक्षण संध्याकाळी व सुटीच्या दिवशी आणि वार्षिक शिबिरात, तर ग्रामीण भागातील पलटणींचे शिक्षण सलग काही काळ, अशी योजना करण्यात आली. कारण नोकरदाराला रविवार मोकळा असतो आणि शेतकऱ्याला हंगामाबाहेरचे दिवस. पुढे कायद्यात घातलेल्या सात-अ या कलमाने मालकावर बंधन घातले की, लष्करी सेवेसाठी गेलेल्या नोकराला त्याने परत कामावर घ्यावे, आणि मध्ये खंड पडला नसता तर ज्या अटी त्याला लागू झाल्या असत्या त्यांहून कमी अनुकूल अटींवर घेऊ नये. मालकाने नकार दिल्यास सहा महिन्यांच्या वेतनाइतकी रक्कम देण्याचा आदेश त्याला देता येतो. त्यानंतरच्या कलमात नोकराच्या निर्वाहनिधीसारख्या हक्कांचे रक्षण आहे.

सभासदाच्या बखरीतील वजावट आणि हे कलम यांत अडीच शतकांचे अंतर आहे. परंतु दोहोंमागील विचार एक आहे. चाकरीला बोलावणाऱ्या सत्तेने त्या माणसाच्या दुसऱ्या व्यवसायाची नोंद स्वतःच्या दप्तरात घेतली पाहिजे, हा तो विचार होय. फरक असा की, शिवकालीन व्यवस्थेत शेतकरी हा नोंदीचा विषय होता, तर आधुनिक कायद्यात नोकरदार आहे. ज्याला मालक आहे त्याचे रक्षण कायदा करतो. ज्याचा मालक पाऊस आहे, त्याच्यासाठी त्या कलमात काही नाही. ग्रामीण पलटणीतील शेतकऱ्याला लष्करी सेवेच्या काळात वेतन मिळते. पण १९६२, १९६५ आणि १९७१ यांसारख्या प्रसंगी सेवा लांबली असता त्याचे शेत सतराव्या शतकाप्रमाणेच भावाच्या आणि घरातील स्त्रियांच्या हाती राहते.

७

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, अर्धवेळ सैनिकाच्या इतिहासात देशप्रेम, शौर्य किंवा शिस्त यांच्या उणिवेपेक्षा हिशेबाची उणीव अधिक निर्णायक ठरली. शिवकालात शेत आणि चाकरी एका खात्यावर आली. अठराव्या शतकात ती खाती अंतरामुळे आणि कर्जामुळे दुरावली आणि कुणबी शिलेदार मागे पडला. १८४४ मध्ये ती एका प्रशासकीय फेरफाराने तोडली गेली आणि गडकरी उठले. या सर्व अवधीत एक घटक मात्र कायम राहिला : सैनिक नसताना दाराशी उभे राहिलेले पीक ज्यांनी कापले, ती घरची माणसे. कोणत्याही बखरीत, कायद्यात किंवा मुशाहिऱ्याच्या यादीत त्यांचे खाते उघडलेले नाही. गावदप्तरे, घराण्यांचे कागद आणि सावकारी वह्या यांच्या अभ्यासातून ते उघडणे, हे या विषयातील पुढील संशोधनाचे काम होय.